न दुखणारा हात

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी आधीच्या वक्त्यांनी इतके सांगितले आहे की मी त्यात भर घालण्यापेक्षा थेट विषयाला हात घातलेला बरा. संयोजकांच्या पत्रात विषय आहे ‘मानवी मज्जासंस्था : रचना आणि कार्य’. मी शरीररचनाशास्त्राचा मास्तर. हा विषय वर्गात काढला की तोंडातून आकडे आपोआप पडतात. मेंदूचे वजन तेराशे-चौदाशे ग्रॅम, त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या. मुले लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. शिवाय मेंदू ही एवढी बडी असामी, की तो एकदा बोलायला लागला की बाकीच्या मज्जासंस्थेकडे कोणी बघत नाही.

म्हणून आज मेंदूला मी थोडा वेळ सभागृहाबाहेर बसवणार आहे. सुरुवात बोटाच्या टोकापासून करू, आणि तेही कुष्ठरोग झालेल्या माणसाच्या बोटापासून.

कुष्ठरोगच का? कारण हा आजार आपण कातडीचा समजतो, पण मुळात तो नसांचा आजार आहे. त्याचा जंतू मेंदूला धक्का लावत नाही, मज्जारज्जूला लावत नाही. तो हातापायांतल्या आणि चेहऱ्यावरच्या नसा तेवढ्या धरतो. त्यामुळे कुठल्या तंतूचे काम काय होते, हे एकाच हातावर वाचता येते. पाठ्यपुस्तकातली कुठलीही आकृती हे इतके स्पष्ट दाखवत नाही.

आधी निरोगी हात पाहू. चहाचा स्टीलचा पेला घ्या, नुकता ओतलेला. बोटे पेल्याला लागतात. कातडीत उघडी टोके असलेले बारीक तंतू असतात आणि त्या टोकांवर एक प्रथिन असते. ते ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडते आणि तंतूत विद्युतस्पंद सुटतो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधले, तेही मिरचीच्या साहाय्याने. मिरचीतले कॅप्सायसिन ज्या प्रथिनाला चिकटते, तेच प्रथिन उष्णतेनेही उघडते. तेव्हा ठेचा खाल्ल्यावर तोंड पोळल्याची तक्रार शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

स्पंद निघाला. बोटापासून मनगट, कोपर, काख करत तो मानेपर्यंत जातो. या सगळ्या वाटेत एकच पेशी आहे. तिचे अंग मानेच्या मणक्यांशेजारच्या एका छोट्या गाठीत बसलेले असते, मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढे. तिचा एक धागा बोटाच्या टोकाला पोचलेला असतो आणि दुसरा मज्जारज्जूत शिरलेला असतो. पायाच्या अंगठ्यातला धागा तर मीटरभराहून लांब असतो. विच्छेदनाच्या टेबलावर मुले पहिल्यांदा मांडीच्या मागची सायटिक नस उघडतात तेव्हा चकित होतात. त्यांच्या डोक्यात नस म्हणजे दोरा असतो आणि हाताला लागते ती अंगठ्याएवढी जाड नस. त्या जाडीत असे हजारो धागे शेजारी शेजारी असतात. काही आत निरोप नेणारे, काही स्नायूंना हुकूम देणारे, काही घामाच्या ग्रंथींकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे. या शेवटच्या तंतूंची आठवण कोणाला राहत नाही. त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

पोळल्याची खबर दोन वेगांनी जाते. मायलिन नावाच्या पदार्थाचे पातळ वेष्टण असलेले तंतू ती सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने नेतात. त्या तंतूंमुळे ‘चटका बसला’ हे लगेच कळते. वेष्टण नसलेले तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतात. त्यांची खबर सुमारे सेकंदाने येते आणि ती असते जळजळीची, रेंगाळणारी. तुम्ही ओट्यापाशी कधी चटका खाल्लात तर लक्ष ठेवा, आधी टोचल्यासारखे होते आणि मग आग होते. त्या दोघांच्या मधल्या वेळात हात मागे आलेलाही असतो. तो मागे घेण्याचा निर्णय मज्जारज्जूने परस्पर घेतलेला असतो. मेंदूला कळते ते नंतर.

आता तोच पेला कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातात द्या. माणूस चहा पितो, गप्पा मारतो, पेला खाली ठेवतो. संध्याकाळी बोटांवर फोड दिसतात आणि ते कशाने आले हे त्याला सांगता येत नाही. विडी ओढणाऱ्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात भाजल्याच्या खुणा असतात. चुलीवर भाकरी करणाऱ्या बाईची बोटे तव्याला लागतात. इथपर्यंत झालेली इजा किरकोळ असते. तुमच्या-माझ्या बोटाला असा फोड आला तर आपण चार दिवस ते बोट वर धरून सगळी कामे करतो, आणि तेवढ्यात ते बरे होते. बधिर बोटाला ही सवलत मिळत नाही. त्याच फोडावर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीचा दांडा, विहिरीचा दोर, खुरपे. फोडाची जखम होते, जखमेत पू होतो, पू हाडापर्यंत जातो. हाड थोडे विरते आणि बोट आखूड होते. असे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे.

बोटे झडतात असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. बोटे झडत नाहीत. ती वापरून वापरून संपतात, कारण थांब म्हणणारे कोणी उरलेले नसते.

ही गोष्ट ठामपणे मांडणाऱ्यांत पॉल ब्रँड यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरुग्णांच्या मुडपलेल्या हातांवर कोणी शस्त्रक्रिया करत नव्हते, कारण मांसच खराब असते, जखम भरणार नाही, असा समज होता. ब्रँड यांना जखमा भरताना दिसल्या. मग बोटे जातात कशी? ते रुग्णांच्या मागे मागे हिंडू लागले. एकदा कोठारातले गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. तिथे असलेल्या एका मुलाने किल्ली घेतली आणि एका झटक्यात फिरवली. ब्रँड यांना त्या अशक्त मुलाच्या ताकदीचे नवल वाटले, तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. ताकद त्याला जास्त नव्हतीच. आपण किल्ली सोडतो ती दुखते म्हणून. त्याला सोडायला कारण नव्हते. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर कुरतडून जातात. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर देण्याची पद्धत पडली. वैद्यकाच्या इतिहासात मांजर लिहून दिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आता जंतूकडे वळू. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गन गावी आर्माउअर हान्सेन यांनी तो पाहिला. क्षयाचा जंतू कॉख यांना सापडला त्याच्या नऊ वर्षे आधी. पण दीडशे वर्षे झाली तरी हा जंतू काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. तो वाढतो उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो नावाच्या, पाठीवर कवच असलेल्या अमेरिकी प्राण्यात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तिथे गारवा असतो. या जंतूला आपल्या शरीराचे ३७ अंश मानवत नाहीत, त्याला चार-सहा अंश कमीच हवे असतात. शिवाय तो कमालीचा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात. म्हणून लागण आणि पहिला चट्टा यांच्यात सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही.

नसेत तो राहतो श्वान पेशींमध्ये. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव, आपल्या गल्लीतल्या प्राण्याचा संबंध नाही.) या पेशी तंतूंभोवती गुंडाळलेल्या असतात आणि मायलिनचे वेष्टण त्याच तयार करतात. मेंदू आणि मज्जारज्जूत वेष्टणाचे काम वेगळ्या पेशी करतात, श्वान पेशी तिथे नसतात. जंतू मेंदूकडे का जात नाही, याचे अर्धे उत्तर यात आहे आणि अर्धे उबेत.

आता शरीररचनेचा खरा धडा. नसा बहुतेक ठिकाणी स्नायूंच्या खाली, खोल आणि उबेत असतात. पण काही जागी त्यांना हाडावरून, कातडीच्या अगदी खालून जावे लागते. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या मागच्या खोबणीतून अल्नर नस जाते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या याच नसेच्या. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बारीक हाडाची मान आहे, तिला वळसा घालून पेरोनियल नस जाते. आतल्या घोट्यामागून तळव्याची नस जाते. गालाच्या हाडावरून पापणी मिटणारी नस जाते. या सगळ्या गार जागा, आणि कुष्ठरोगात नसा सुजतात त्या नेमक्या इथेच. तपासणारा अनुभवी कर्मचारी रुग्णाचे कोपर वाकवतो, त्या खोबणीत दोन बोटे ठेवतो आणि नस हळूच फिरवून पाहतो. दुसऱ्या हाताशी ताडतो. जाड लागली किंवा दाबल्यावर दुखली, तर तो मान वर करून रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघतो. या तपासणीला यंत्र लागत नाही. हात मात्र तयार लागतो, आणि असे हात आता कमी होत चालले आहेत, ही माझी तक्रार आहे.

अल्नर नस गेली की काय होते ते क्रमाने पाहा. आधी करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग थंड-गरम ओळखेनासा होतो, मग स्पर्श जातो. पंजातले बहुतेक लहान स्नायू याच नसेवर चालतात. ते वाळतात, बोटांमध्ये खळगे पडतात आणि दोन बोटे नख्यांसारखी वळतात. पेरोनियल गेली तर पाऊल वर उचलले जात नाही. माणूस गुडघा उंच करून चालतो आणि पाऊल जमिनीवर आपटते. चेहऱ्याची नस गेली तर डोळा मिटत नाही, आणि बुबुळाची संवेदनाही गेली असेल तर धूळ गेल्याचे कळत नाही. पापणी लवायची विसरते आणि डोळा जातो.

घामाच्या तंतूंकडे परत येतो म्हणालो होतो. ते गेले की तळवा कोरडा पडतो. कोरड्या कातडीला भेगा पडतात, भेगांतून जंतुसंसर्ग आत जातो. दुखत नसल्यामुळे भेगेकडे कोणी बघत नाही. म्हणून हात-पाय रोज वीसेक मिनिटे पाण्यात भिजवून ओलसर असतानाच तेल लावणे, हा बधिर पायाच्या उपचारातला मोठा भाग आहे. ऐकायला घरगुती वाटते, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. गेलेल्या तंतूंचे काम माणूस हाताने करतो.

आता बाहेर बसवलेल्या मेंदूला आत बोलावू, कारण पुढचा प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नाही. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत, लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी अभियंत्यांना घेऊन कृत्रिम वेदना तयार करण्याचा घाट घातला. हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणे बसवायची आणि दाब धोक्याच्या पलीकडे गेला की कानात आवाज काढायचा. कल्पना बिनतोड होती. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम चालू ठेवले. मग आवाजाऐवजी विजेचा झटका दिला. झटका देण्यासाठी जागा निवडली काख, कारण काख उबदार असते आणि तिथली संवेदना शाबूत असते. झटका नकोसा होता, तो बसतही होता. पण एखादे काम करायचेच असेल तेव्हा रुग्ण आधी यंत्र बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. काही वर्षांनी हा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

माझ्या मते मज्जासंस्थेबद्दल या फसलेल्या प्रयोगाइतके थोड्याच यशस्वी प्रयोगांनी शिकवले आहे. दुखण्याची खबर मेंदूत किमान दोन वाटांनी पसरते. एक वाट कुठे दुखते, किती दुखते हे सांगणाऱ्या भागाकडे जाते. त्या भागात शरीराचा नकाशा आहे आणि त्यात हाताला पाठीपेक्षा कितीतरी मोठी जागा दिलेली आहे. दुसरी वाट मेंदूच्या आतल्या घड्यांकडे, सिंग्युलेट आणि इन्सुला या भागांकडे जाते. दुखणे असह्य वाटते ते तिथे. असाध्य वेदनेसाठी सिंग्युलेटवर शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण सांगत की दुखते आहे, पण आता त्याचे काही वाटत नाही. ब्रँड यांचे यंत्र माहिती पुरवत होते. वेदना माहिती देऊन थांबत नाही, ती हुकूम सोडते, आणि तो हुकूम बंद करायचे बटण आपल्या हातात ठेवलेले नाही. त्या बटणाच्या अभावामुळेच आपली बोटे पूर्ण लांबीची आहेत.

आणखी एक निरीक्षण ब्रँड यांचेच. बधिर हाताचे रुग्ण हळूहळू आपल्या हाताविषयी परक्यासारखे बोलू लागत, जणू ते एक अवजार आहे. हात आपला वाटण्यासाठी तो दुखावा लागतो.

महाराष्ट्राला कुष्ठसेवेची मोठी परंपरा आहे. मनोहर दिवाणांचे वर्ध्याजवळचे दत्तपूर, सेवाग्रामला गांधीजींनी स्वतः शुश्रूषा केलेले परचुरेशास्त्री, शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन, बाबा आमट्यांचे वरोऱ्याचे आनंदवन. मुंबई-पुण्यात नोशिर अंतिया यांच्यासारख्या शल्यविशारदाने वाकडे हात आणि बसलेली नाके सरळ करण्यात उमेदीची वर्षे घातली. ही नावे आपण आदराने घेतो आणि घ्यावीतच. पण करुणेविषयी आपण जितके बोललो तितके नसेविषयी बोललो नाही. त्यामुळे आजही सुशिक्षित घरात कुष्ठरोग म्हणजे हातपाय सडणे, आणि तो शिवल्याने होतो, हीच समजूत टिकून आहे. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूचा प्रतिकार उपजतच असतो, आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच उरत नाही. तरीही १८९८ चा कुष्ठरुग्णांचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले २०१९ साली.

उपचाराबद्दल थोडक्यात. १९८० च्या दशकापासून रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही बहुविध औषधयोजना आहे. तिने जंतू मरतो, पण मेलेली नस तिने परत येत नाही. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो हे खरे आहे. कोपरापासून करंगळीपर्यंत जायला त्याला वर्षाहून जास्त लागेल. पण कुष्ठरोगात नसेच्या आतच व्रण धरतो आणि वाढीची वाट बुजते. मधल्या काळात शरीराची प्रतिकारशक्ती खवळून नस सुजते, त्याला प्रतिक्रिया म्हणतात. ती औषध चालू असताना येऊ शकते आणि ते संपल्यानंतरही. अशा वेळी नसेचे काम बिघडून सहा महिने होण्याच्या आत स्टेरॉइड सुरू झाले तर पुष्कळदा संवेदना परत मिळते. उशीर झाला तर सहसा मिळत नाही. तेव्हा औषधाइतकेच महत्त्व तारखेला आहे.

२००५ च्या डिसेंबरात भारताने कुष्ठरोगाचे निर्मूलन साधले असे मानले गेले. त्याचा अर्थ एवढाच होता की देशाच्या पातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले. लोकांनी अर्थ घेतला की रोग संपला. अजूनही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक.

आणि हा विषय आपला नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मधुमेह आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात नसा जातात त्या वेगळ्या हिशेबाने. इथे गारव्याचा नाही, लांबीचा नियम चालतो. सगळ्यात लांब तंतू आधी, म्हणजे पायाची बोटे, मग तळवे, मग मोज्याच्या उंचीपर्यंत पाय. पुढची कथा तीच आहे, चपलेतला खिळा, न कळलेली जखम, पू, हाड. कार्व्हिलला बधिर पायांसाठी वापरात असलेली प्लास्टरची पद्धत पुढे मधुमेहाच्या पायांसाठी जगभर गेली, ती उगाच नव्हे.

तेव्हा घरी गेल्यावर दोन कामे करा. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांचे तळवे रोज रात्री उजेडात बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा, आणि चप्पल पायात घालण्याआधी आत हात फिरवा. दुसरे, अंगावर फिक्कट किंवा लालसर चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक कोणाला तरी लावायला सांगा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवा. कळले नाही तर लाजू नका आणि थांबू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत मिळते आणि ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते.